लाल-पिवळी आणि हिरवी

मंगळवार, ३

रविवारी लिहिलेलं चूक आहे. खोडत नाही – खोडलं की कुठे चुकले तेच कळेनासं होतं – पण चूक आहे.

मी लिहिलं होतं, ‘पेनिसिलिन जंतूची भिंत फोडतं.’ फोडत नाही! आज पुस्तक परत उघडलं. जंतू वाढताना आपली भिंत जागोजागी सैल करतो, मध्ये नवीन विटा घालतो आणि पुन्हा सांधतो. पेनिसिलिन फक्त ते सांधणं होऊ देत नाही. जंतूला याचा पत्ताच नसतो. तो वाढत राहतो, आत पाण्याचा दाब असतोच, आणि एक दिवस स्वतःच्याच सैल भिंतीतून फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. किती हुशार औषध!

परीक्षेत असं लिहिलं असतं तर मार्क गेले असते. परीक्षेला बसले असते तर.

पण मार्कांचं राहू दे. हे नीट लिहून काढलं आणि हात थांबला. जंतू वाढत असेल तरच तो मरतो. आणि वाढत नसेल तर?

बाबांच्या दोन कॅप्सूल. लाल-पिवळी पेनिसिलिनच्या कुळातली – वाढणाऱ्यालाच मारणारी. हिरवीचं काम वाढ थांबवायचं. तापावर मी दोन्ही एकदम घेतेय. सकाळ-संध्याकाळ. महिना होत आला.

माझं वाचण्यात चुकत असेल. उद्या पुन्हा वाचते.


बुधवार, ४

पुन्हा वाचलं. माझं चुकत नाही.

हिरवी जंतूच्या आतला कारखाना बंद पाडते – प्रथिनं तयार होतात तो. जंतू मरत नाही. गप्प पडून राहतो. मग आपलं रक्त, त्यातले शिपाई, त्याला उचलून नेतात. साध्या तापात एवढंही पुरतं. म्हणूनच बाबांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. निम्मे पेशंट बहुतेक आपले आपणच बरे होतात आणि श्रेय मिळतं जोडीला.

लोकांनी त्या जोडीला नावच ठेवलंय – नवरा-बायको. आत्तासुद्धा पडद्यापलीकडून आवाज येतोय, “डॉक्टर, पोरीला ताप आहे, नवरा-बायको द्या!” बाबा म्हणतात, “वय काय पोरीचं? सात? मग नवरा नको, नुसती बायको दे. नवऱ्याने दात पिवळे होतात.” सगळे हसतात. हे बाबांना माहीत आहे! लहान मुलांना हिरवी द्यायची नाही हे त्यांना नीट माहीत आहे. मग बाकीचं का नाही?

बाबा डॉक्टर नाहीत, कंपाउंडर आहेत. बाहेरच्या पाटीवर नाव मोठ्या डॉक्टरांचं. ते आता फार थकलेत, कधीतरी येऊन खुर्चीत बसतात. कान गेलेत. स्टेथोस्कोप पेशंटच्या छातीला लावतात आणि काय झालं ते बाबांच्या तोंडाकडे बघून ओळखतात. बाकी सगळा दवाखाना बाबांचा. पुढची खोली दवाखाना, मागच्या दोन आमच्या, मध्ये पडदा.

मी पडद्याच्या मागे. खोकायचं नाही. आईने सगळ्यांना सांगितलंय, मी मावशीकडे गेलेय. कारण उघड आहे. “घरच्याच पोरीला लागू पडेना म्हटल्यावर बाहेरचा कोण येईल गं?” हे आई बोलली तेव्हा बाबा तिथेच होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.


शुक्रवार, ६

ताप नाही. म्हणजे, शंभरच्या आत. बाबा खूश. “बघ, उतरला की नाही?”

गेल्या शुक्रवारीही उतरला होता.


शनिवार, ७

मामा आला होता. आईचा धाकटा भाऊ, गवंडी. कपड्यांवरचं सिमेंट झटकायलाही मागच्या दारीच थांबला. मी लपलेय हे त्याला माहीत आहे. पोटात ठेवतो.

“काय प्रोफेसरीणबाई, कुठल्या खोलीत बदली झाली?”

मी म्हटलं, मामा, एक सांग. एका माणसाला भिंत पडायला हवीय, म्हणून तो साइटवर गुपचूप खराब सिमेंट पाठवतो.

“कंत्राटदार ओळखीचा वाटतो.”

“ऐक ना. पण त्याच दिवशी दुसऱ्या कुणीतरी साइटवरचं काम बंद पाडलं. एकही वीट बसत नाही. मग?”

“मग काय, खराब सिमेंट पोत्यातच राहील. बंद साइटवर भिंत कशी पडणार? जुनी आहे ती उभीच राहणार ना!” मग माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, “कुणाची साइट?”

मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की बाबांच्या दोन गोळ्या एकमेकींच्या आड येतात असं पुस्तकात आहे. मामा हसत सुटला. “अगं मग लोकांनी नाव बरोबरच ठेवलंय की! एक काम करायला निघाला की दुसरा हात धरतो!” आईने आतून विचारलं, काय झालं हसायला? तो म्हणाला, काही नाही ताई, तुझ्या लग्नाचं बोलत होतो.

मीही हसले. हसताना धाप लागली. पूर्वी नव्हती लागत.


रविवार, ८

आज दवाखाना बंद, म्हणून खोकायची मुभा. अभ्यास केला. अंग जड आहे, पण वाचताना बरं वाटतं.

सल्फा: जंतूला फोलिक अॅसिड स्वतः बनवावं लागतं, आपल्याला अन्नातून मिळतं. सल्फा त्याच्या कच्च्या मालासारखं दिसतं. जंतू फसतो, तेच उचलतो, पुढचं काहीच तयार होत नाही. तोतया!

क्विनोलोन: जंतूचा तो लांबलचक धागा, ज्यात त्याचं सगळं लिहिलेलं असतं, पिळदार असतो. वापरायला तो उलगडावा लागतो. त्यासाठी जंतूकडे एक कारागीर आहे – धागा कापतो, पीळ सोडवतो, परत जोडतो. औषध त्याला कापल्यानंतर तसाच धरून ठेवतं. जोडायची वेळच येत नाही. धाग्याचे तुकडे.

जेंटामायसिन आणि त्याचे भाऊबंद: कारखाना बंद करत नाहीत, चुकीचा माल काढायला लावतात. वेडीवाकडी प्रथिनं भिंतीआतल्या पडद्यात जाऊन बसतात आणि पडदाच गळू लागतो. हे मारतात. पण आधी आत शिरता आलं पाहिजे, आणि काही जंतूंत शिरताच येत नाही. तिथे पेनिसिलिन लागतं. ते भिंत सैल करतं, हे आत घुसतं. ही खरी जोडी! एक दार उघडतो, दुसरा आत जातो.

आई म्हणाली, “मिट ते पुस्तक. पुस्तकातलं वाचतेस आणि अंगात आणतेस.”

ती काही खोटं बोलत नाही. मागे क्षयाचं वाचलं तेव्हा मला क्षय झाला होता. काविळीचं वाचलं तेव्हा तीन दिवस आरशात डोळे पिवळे दिसत होते. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे मला काय माहीत असावं आणि काय भास व्हावा हे ठरवायला घरात कुणी नाही. सगळे एक तर माझं सगळं खरं मानतात, नाही तर सगळं खूळ.


सोमवार, ९

चष्मी आली, मागच्या गल्लीतून. वर्गातली माझी एकमेव मैत्रीण. मी घरीच आहे हे तिला माहीत आहे, पण आईने तिला फक्त ‘अशक्तपणा’ सांगितलाय.

फार्माकॉलॉजीच्या बाईंचं लेक्चर तिने तोंडी ऐकवलं, नक्कल करत, चष्मा नाकावर सरकवत. “मुलींनो! ज्या जागी शरीराचे शिपाई पोचत नाहीत तिथे नुसतं गप्प बसवणारं औषध चालत नाही. मारणारंच हवं. उदाहरण द्या! कुणी नाही? हृदयाची झडप!”

झडपेवर जंतू घर करतात, वर थर चढतो, रक्तातले शिपाई थराबाहेरच राहतात. बाईंनी पेशंट कसा असतो तेही सांगितलं होतं. लहानपणी सांधे दुखून ताप आलेला. झडप तेव्हाच थोडी खराब झालेली. पुढे कधीतरी दात काढला जातो, तोंडातले जंतू रक्तात जातात. मग बारीक ताप – आठवड्यामागून आठवडे. गोळ्यांनी उतरतो, परत येतो. धाप. नखांत काळपट रेघा, लाकडाचं कुसळ गेल्यासारख्या.

ती बोलत होती आणि मी हात पांघरुणात घेतले.

सांधे दुखले होते, दुसरीत असताना. शाळेच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हृदयात जरा आवाज येतो, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. बाबांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ऐकलं – तेव्हाही ऐकूच येत नव्हतं बहुतेक – आणि म्हणाले, काही नाही.

दाढ ताप यायच्या थोडं आधी काढली.

ती गेल्यावर उजेडात नखं बघितली. अंगठ्याला एक. मधल्या बोटाला दोन.

आईला दाखवलं. “भांडी घासताना लागलं असेल.” मी महिनाभर भांडी घासलेली नाहीत.


मंगळवार, १०

भास असू दे. देवा, या वेळीही भासच असू दे.


बुधवार, ११

आज बाबांना सांगायचं ठरवलं होतं. दुपारी दवाखाना बंद करून आत येतात, बाटल्या पुसतात, तेव्हा. वाक्य पाठ केलं होतं: ‘बाबा, या दोन एकत्र द्यायच्या नसतात.’

तोंडातून आलं ते असं – “बाबा, जोडी सुरू कशी झाली?”

फार आनंद झाला त्यांना! कुणी विचारतच नाही म्हणाले. मी जन्मले त्या सुमाराला तापाची मोठी साथ आली. मोठे डॉक्टर स्वतःच आडवे पडले. बाहेर रांग. बाबा एकटे, सातवी पास, कपाटात दोन प्रकारच्या कॅप्सूल. “कुठली द्यायची कळेना. एक दिली आणि चुकीची निघाली तर? म्हणून दोन्ही दिल्या. सगळे वाचले गं. एक म्हातारा सोडून.”

“मग कळलं नाही, कुठलीने वाचले?”

“तीच तर गंमत! कळलंच नाही. म्हणून पुढे एक काढून टाकायची हिंमत झाली नाही.” मग माझ्या कपाळावर हात ठेवला. “तू शीक. तू शिकलीस की तू सांग मला, कुठली.”

मी सांगू शकले असते. त्याच क्षणी! त्यांनी स्वतः विचारलं होतं. पण ते इतके हसतमुख होते. आणि माझ्या शिक्षणाची प्रत्येक फी त्या पडद्यापलीकडच्या खोलीतून आलेली. दोन कॅप्सूल, घडी घातलेला कागद, दोन कॅप्सूल, घडी घातलेला कागद.

मी म्हटलं, हो बाबा.


गुरुवार, १२

उपाय सापडला. अर्धा. लाल-पिवळी गिळायची, हिरवी गालात धरून ठेवायची आणि बाबा वळले की मोरीत टाकायची. निदान साइटवर काम सुरू होऊ दे, मामाच्या भाषेत.

बाबा पाण्याचा पेला घेऊन उभे. मी गिळल्यासारखं केलं. “शहाणी माझी.” कॅप्सूल गालाला चिकटली होती. ती कडू नाही लागली. मलाच कडू लागलं.

खोटं बोलले नाही, तरी केलं ते खोटंच.


शनिवार, १४

ताप १०२.

बाबांचा चेहरा बघवत नाही. दवाखान्यातून दर थोड्या वेळाने आत येतात, थर्मामीटर झटकतात, लावतात, काढतात, पुन्हा झटकतात. मग आई आणि ते हळू बोलले आणि संध्याकाळी पेल्यासोबत चार कॅप्सूल आल्या. दोन लाल-पिवळ्या, दोन हिरव्या. “दुप्पट करू. जोर कमी पडतोय.”

मी हिरवी सोडली म्हणून ताप वाढला? की आजार आपल्या पायांनी पुढे जातोय? मला माहीत नाही! माझं सगळं पुस्तकी. बाबांची हिरवी कदाचित मला धरून होती. मी थुंकली आणि पडले. असं असेल तर?

मग मात्र राहवलं नाही. सांगितलं. चार कॅप्सूल हातात धरून सगळं सांगितलं – भिंत, वाढ, कारखाना, एकीमुळे दुसरी निकामी. आणि हिरवी टाकत होते तेही.

बाबांनी भिंतीचं काही ऐकलं की नाही कोण जाणे. ते तिथेच अडकले. “थुंकलीस?”

“बाबा, मी –”

“माझ्या हातची गोळी थुंकलीस?”

आई म्हणाली, तापात बडबडतेय हो. बाबा म्हणाले, “तापात नाही. शिकलीय ती.” मग खाली बसले, माझ्या तोंडासमोर. “आ कर.” एकेक कॅप्सूल स्वतः जिभेवर ठेवली, पाणी दिलं. “आ कर.” जीभ वर करून बघितली. मी लहान असताना बघायचे तसं. रागावून नाही.

मी सगळ्या गिळल्या.


रविवार, १५

आ कर. आ कर.


सोमवार, १६

चष्मीला परवा निरोप धाडला होता – मामाकरवी – की बाईंना विचार, माझ्या एका ओळखीच्या मुलीला असं असं होतंय. आज ती आली आणि या वेळी तिने नक्कल केली नाही.

बाई म्हणाल्या, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात. रक्ताचं कल्चर करतील, म्हणजे रक्त काढून त्यातले जंतू बाटलीत वाढतात का ते बघतील. जंतू सापडला की कळतं कुठलं औषध त्याला मारतं. मग शिरेतून पेनिसिलिन, सोबत जेंटामायसिन, कित्येक आठवडे. पण मुलगी आधीच गोळ्या घेत असेल तर जंतू बाटलीत वाढतच नाही. मेलेला नसतो, दबलेला असतो. बाटली कोरी राहते. म्हणून तिने तिथे सांगायलाच हवं – कुठल्या गोळ्या, किती दिवस. ते ठाऊक असलं की डॉक्टर कोऱ्या बाटलीने फसत नाहीत, पुन्हा पुन्हा रक्त बघतात, झडपेचा फोटो काढतात. नाही सांगितलं तर म्हणतील, रक्त साफ आहे, घरी जा. आणि गोळ्या बंद करायच्या की नाही, कधी करायच्या, ते त्यांनी ठरवायचं. घरी प्रयोग नकोत.

“बाईंनी विचारलं, तिला गोळ्या देतं कोण?” चष्मीने माझ्याकडे बघितलं. पडद्यापलीकडून बाबांचा आवाज येत होता. “मी म्हटलं, मला माहीत नाही.”

जाताना ती म्हणाली, “ती ओळखीची मुलगी मूर्ख आहे असं सांग तिला.”

पलीकडे शिवणवाल्या काकू होत्या. त्यांचा आवाज ओळखते. “लागू पडते हो तुमची गोळी. उतरतो ताप. पण पुन्हा येतोच बघा.” बाबा क्षणभर थांबले. मी ऐकत होते, अगदी पडद्याला कान लावून. ते थांबले! मग कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

म्हणजे मी एकटी नाही. या पडद्याच्या दोन्ही बाजूंना आहोत.


मंगळवार, १७

सकाळी केस विंचरत होते. उजव्या डोळ्यापुढे वरून खाली काळोख उतरला. दुखलं नाही. नुसता उतरला, झापड ओढावी तसा. आईला हाक मारली तर शब्द बोबडे आले. मग थोड्या वेळाने काळोख वर गेला, जीभ सुटली. सगळं परत जागेवर.

झडपेवरचा थराचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर जातो, हे वाचलंय. डोक्यात गेला की असं होतं. पुढचा तुकडा मोठा असू शकतो. हे वाचल्यामुळे झालं नाही. हे आईनेही पाहिलं. ती माझी वाकडी जीभ बघत होती.

ती ओट्याला टेकून खालीच बसली. मग म्हणाली, “जाऊ. परवा जाऊ. उद्या मामाकडून गाडीची सोय होत नाही.”

मी म्हटलं, आजच.

“आज त्यांचा दवाखाना भरलाय. मागच्या गल्लीत गाडी शिरत नाही, तुला समोरून कशी नेऊ?”

आणि मग ते. “पण एक ऐक. तिथे विचारतील, काय औषध घेतलं. तू म्हणायचं, काही नाही. घरगुती काढा घेत होते. काहीही सांग. बाबांचं नाव नाही काढायचं.”

“आई, ते सांगितल्याशिवाय त्यांना माझा जंतू सापडणार नाही.”

“सापडेल. मोठं हॉस्पिटल आहे. त्यांची यंत्रं असतात.”

“यंत्राला पण –”

“त्यांना धरून नेतील गं! या वयात! पाटी उतरवतील. घर त्या पाटीचं आहे, आपलं नाही. आपण तिघांनी जायचं कुठे?” तिने माझा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. “माझ्या गळ्याची शपथ. नाव काढलंस तर मी मेले.”

मी हो म्हटलं. हात तिच्या गळ्यावर होता. आत तिची नस उडताना लागत होती. काय म्हणणार होते?

म्हणजे आता असं. इथे राहिले तर पडद्यामागे मरायचं. तिथे जाऊन गप्प राहिले तर कोरी बाटली घेऊन परत यायचं. बोलले तर बाबा. खरं बोलायला मला शाळेने शिकवलं नाही, बाबांनीच शिकवलं. गोळी चुकून खाली पडली तर पेशंटला सांगून दुसरी देणारा माणूस.

संध्याकाळी पेला घेऊन बाबाच आले. दोनच कॅप्सूल होत्या. “आ कर” म्हणाले नाहीत. ठेवून गेले. मी घेतल्या. प्रयोग नकोत.


बुधवार, १८

दुपारी बाबा आत येऊन बसले. उद्याचं आईने त्यांना सांगितलंय. शपथेचं नाही.

“विचारतील तिथे, कुठली औषधं झाली. काय सांगशील?”

“काहीच घेतलं नाही, असं.”

चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. भिंतीचं सगळं ऐकलं होतं त्यांनी, आणि पडद्यापलीकडून कोऱ्या बाटलीचंही. सगळं. “म्हणजे मला वाचवणार,” ते म्हणाले, “आणि जंतूंनाही.”

बाहेर कुणीतरी हाक मारली. उठून गेले. पडदा मागे ओढला नाही. काकूच होत्या. “नवरा-बायको द्या हो, परत चढलाय.” आणि बाबांचा आवाज, भरल्या खोलीत, “नाही देत. त्या दोन एकत्र देणं चूक आहे. मोठ्या हॉस्पिटलात जा, रक्त तपासा.” कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत.

आईने धावत जाऊन पडदा ओढला. मी तो पुन्हा सरकवला. काकूंनी मला पाहिलं.

उद्या, गुरुवार, १९. दोन्ही गोळ्यांची नावं सांगेन, किती दिवस ते सांगेन, आणि कुणाच्या हातच्या तेही. आईची शपथ मोडून.